आठ नंबरचा ऑक्सफर्ड

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी.

ही डायरी त्या मुलानेच आणून दिली. बँकेची आहे. एप्रिलात डायरी वाटणारी बँक पहिल्यांदाच बघितली. कव्हरवर बँकेचं नाव एवढं मोठं, म्हणून वर्तमानपत्राचा कागद घातला. फुकटची वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहायला घेतली. याचा अर्थ मी होकार दिला असा होत नाही.

मुलगा म्हणजे अमरदीप. निपाणीचा. इथं कॅम्पातल्या बँकेत ऑफिसर. आमची मुलगी सौम्या कॉलेजात शिकवते, तिचा पगार त्याच बँकेत जमा होतो. खातं उघडायला गेलती आणि हे उघडून बसली.

आज दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून घरी आला. वागायला चांगला. आवाज हळू. पोहे दोनदा घेतले. घराणं बौद्ध. आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वडील मायाप्पा हेडमास्तर होऊन रिटायर. हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. मी फक्त पूर्ण नाव विचारलं होतं. परत एकदा विचारलं, कारण पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही.

मी जातपात मानत नाही. लिहून ठेवतो. पतसंस्थेत इतकी वर्षं हेडक्लार्क आहे, सगळ्यांबरोबर एकाच किटलीतला चहा पितो. माझा कप वेगळा आहे, पण तो मुलीने वाढदिवसाला दिलेला आहे म्हणून. शिवाय आम्ही सीमाभागातली माणसं. अन्याय म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

माझा आक्षेप एकच, आणि तो तांत्रिक आहे. नेव्ही ब्लू पँटवर टॅन लोफर. तेही मोज्याशिवाय.

मंगलला सांगितलं. बायको म्हणून तिने तरी ऐकून घ्यावं. तर तिचा उलटा प्रश्न, त्याने बूट दारातच काढलते, अहो, तुम्हाला कुठनं दिसले? मी म्हणालो, निरीक्षण. खरं म्हणजे तो हात धुवायला आत गेला तेव्हा मी बाहेर जाऊन एक उचलून बघितला. नंबर नऊ. माझाही नऊच. तेवढ्यात सौम्या दारात. बूट माझ्या हातात. म्हणालो, कुत्रं न्यायला लागलं होतं. तिने गल्लीत इकडंतिकडं बघितलं. कुत्रं नव्हतं. म्हणालो, पळालं.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंती. व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. फोटो, खाली 'विनम्र अभिवादन'. आयुष्यात पहिल्यांदा. सौम्याने लगेच बघून हार्ट पाठवलं.

खानापूरकडं आमचं गाव, तिथल्या भावकीला ते दिसू नये अशी सेटिंग केली. एकेकाच्या नावावर टिक करता करता बोट दुखलं. लाज वगैरे काही नाही. गावाकडं नेटची बोंब असते, त्यांचा डेटा उगाच कशाला जाळायचा.

१८ एप्रिल, गुरुवार

यूट्यूबवर अभ्यास सुरू केलाय. आपल्याकडं लोक सुटावर हजारो उधळतात आणि पायात येईल ते घालतात. म्हणून आपला समाज मागं आहे.

सूट चारकोल ग्रे, नाहीतर नेव्ही. बूट काळा. ऑक्सफर्ड. त्याची लेस घट्ट बसते. सैल लेसचा डर्बी चालतो पण तो ऑफिसला. बिनलेसचा लोफर म्हणजे लग्नाला बर्म्युडा घालून जाण्यासारखं. मोजा पँटच्या रंगाचा आणि नडगीपर्यंत, बसल्यावर कातडी दिसता कामा नये. बेल्ट आणि बूट एका रंगाचे.

लंच टायमात भावकूला हे सगळं समजावून सांगितलं. भावकू आमच्या पतसंस्थेत कॅशियर. रविवारी त्याच्या मुलीचं लग्न आहे, त्याला उपयोग व्हावा हा हेतू. तो म्हणाला, साहेब, सूट घातल्यावर पायाकडं बघतंय कोण? म्हणालो, जाणकार बघतो. तो म्हणाला, मग आमच्यात काय भ्या न्हाय.

अशांना काय सांगायचं!

२१ एप्रिल, रविवार

शहापूरला भावकूच्या मुलीचं लग्न. जेवण गेलं नाही.

झालं असं. अक्षतांआधी पितळी परात आली. त्यात नवऱ्या मुलाने पाय ठेवले. भावकू, आमचा भावकू, ज्याच्या हातून रोज कॅश जाते, तो खाली बसून जावयाचे पाय धुवायला लागला. बायको वरून पाणी सोडते, हा चोळतोय. मग पुसले, गंध लावलं, आणि ते पाणी स्वतःच्या डोळ्याला लावलं. सगळे कौतुकाने बघतायत. असं आजपर्यंत शंभर लग्नांत बघितलं असेल. आजच कसा काय अंगावर काटा आला कोण जाणे. स्वच्छतेच्या दृष्टीने असेल.

मग लक्षात आलं. पुढची परात माझी.

माझी कंबर! माझ्या कमरेत गॅप आहे, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे दहा वर्षांपूर्वी सांगितलंय, पण त्यांनी ते मागं घेतलेलं नाही. हा पूर्णपणे मेडिकल प्रश्न आहे. परात कुणाचीही असती, अगदी भावकीतला जावई असता, तरी मला वाकता आलं नसतं.

लाडू रुमालात बांधून घरी आणला.

२२ एप्रिल, सोमवार. पहाटे.

सुचलं!

पाय धुवायचे तर पाय उघडा पाहिजे. पायात बूट असेल, लेसचा, घट्ट, तर भर स्टेजवर कोण काढत बसतोय? लोफर असला की सटकन निघतो. ऑक्सफर्ड निघत नाही. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही. नवरदेव सुटाबुटात, मी सुटाबुटात, हात मिळवायचे, फोटो, जेवण. एकदम मॉडर्न. मी लोफरच्या विरोधात का आहे हे आता माझ्या लक्षात आलं. माझ्या मनाला आधीच कळलं होतं.

नवऱ्या मुलाचे बूट मुलीकडच्यांनी घ्यायचे ही आपली रीत. म्हणजे सूत्रं माझ्याच हातात.

आज सौम्याला होकार दिला. गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, मला वाटलंच नव्हतं. मीही थोडा हळवा झालो. मी पुरोगामी आहे हे घरच्यांना इतक्या उशिरा कळावं याचं वाईट वाटलं.

२८ एप्रिल, रविवार

निपाणीला जाऊन आलो. मी आणि मंगल.

चहा घेतला. पूर्ण. पाणी पण. मंगलने शेव-चिवडा, केळं, परत चहा, सगळं हाणलं, पण तिचं वेगळं, तिला विचारसरणी वगैरे काही नाही. मी समजून उमजून घेतला.

घर माझ्या घरापेक्षा मोठं निघालं. पुस्तकांची कपाटं भिंतभर. मायाप्पा सर बोलायला मोकळे. त्यांची आई, तानुबाई, कॉटवर बसून होती. तिने मला जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाली, पोरगी लई गुणाची हाय तुमची. हात बराच वेळ सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. हे मी ऑफिसात सांगणार आहे.

तारीख ठरली. तेवीस मे, बुद्धपौर्णिमा. पंचांगात मे महिन्यात मुहूर्तच नाही असं मी सुचवून बघितलं. सर म्हणाले, आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, दिवस चांगलाच असतो. लग्न निपाणीतच, त्यांच्या पद्धतीने, साधं. हुंडा नाही, मानपान नाही.

मंगल लगेच, पद्धत कशी असते, काय काय लागतं, म्हणून विचारायला लागली. मी मध्येच थांबवलं. म्हणालो, ते डिटेल्स बायकांनी बघावेत, माझा आग्रह एकच, सूट-बूट. सर हसले, म्हणाले, घाला की, हौस आहे तर. मी म्हणालो, आणि नवरदेवाचे बूट माझ्याकडून. ते म्हणाले, मानपान नको म्हटलं की आम्ही. मी म्हणालो, मानपान नव्हे, प्रेम.

लग्न म्हणजे लग्न. इकडूनतिकडून सगळीकडं तेच असतं. परात कुठं चुकत नाही.

परत येताना गाडीत मंगल ते काय काय करतात ते सांगायला लागली. संकेश्वरपासून हत्तरगीच्या टोलपर्यंत डोळे मिटून घेतले.

१ मे, बुधवार

सौम्या विचारत होती, आजोबांना सांगितलंत का? आजोबा म्हणजे माझे वडील, भरमूआप्पा. गावात असतात.

सांगणार आहे. योग्य वेळी. आप्पांचं वय झालंय, बीपीची गोळी चालू आहे. जुनी माणसं, त्यांच्या मनाचा विचार करायला नको? मला काही नाही. मी उद्या सांगतो. पण त्यांना काही झालं तर? सौम्या म्हणाली, मी सांगू? म्हणालो, खबरदार.

४ मे, शनिवार

खडेबाजारात जाऊन बूट आणला. दुकानदाराचा आणि माझा चांगलाच वाद झाला.

त्याला म्हणालो, लग्नासाठी काळा ऑक्सफर्ड, पटकन निघणार नाही असा. त्याला वाटलं मी चुकून उलटं बोललो. म्हणाला, सर, लग्नाला लोक लोफर नेतात. दहादा काढावा लागतो, दहादा घालावा लागतो. परत लोफर! मी म्हणालो, तुम्ही माल दाखवा, शहाणपण नको.

शेवटी एक मिळाला. पुढं लांबुळका, आरशासारखा चकचकीत, लेसची भोकं अगदी चिकटून. खाली बसून, गुडघे टेकून, शिलाई, टाच, तळ सगळं तपासलं. बराच वेळ वाकून होतो. कंबर दुखली नाही. पण तो योगायोग.

नंबर आठ घेतला. तो नऊ घालतो हे मला माहीत आहे. विचार करूनच घेतला. नऊ निघतो. आठ एकदा चढला की उतरायचं नाव घेत नाही. लेदर आहे, फंक्शनपुरतं सोसेल. तरुण आहे.

काउंटरवर कन्नडमध्ये एक पाटी होती. मला कन्नड वाचता येतं. पण दुकानाच्या पाट्या मी तत्त्वाने वाचत नाही. सीमाभागात राहायचं तर माणसाला काही तत्त्वं पाहिजेत.

८ मे, बुधवार

बूट परत आला.

सौम्या घेऊन आली. म्हणाली, त्याला लई बारीक होतात, बोटं दुमडतात, तरी त्याने तुमचं मन राखायला घरात घालून बघितले. थँक्यू सांगितलंय. आणि बाबा, तसंही तिथं... मी तिथंच तोडलं. म्हणालो, तिथं काय ते मला माहीत आहे.

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदाराने पाटीकडं बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, बदलून मिळणार नाही. म्हणालो, मला कन्नड येत नाही. तर म्हणाला, मग आत्ता इतका वेळ माझ्याशी काय बोलत होता सर? रागाच्या भरात मी कन्नडमध्येच भांडत होतो म्हणे.

ठीक आहे. बघू. तो घालणार नसेल तर मी घालणार. नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. परातीसमोर मुलाच्या पायातून बूट निघाला नाही तर उत्तम, पण सासराच वाकायच्या स्थितीत नसला तरी काम झालंच. घट्ट बूट घातलेला माणूस उकिडवा बसूच शकत नाही. ट्राय करून बघितलं. नाही बसता येत. ही आयडिया आधीच्यापेक्षा चांगली आहे.

माझा नंबर नऊ, ही छोटी अडचण.

१२ मे, रविवार

लेदर म्हणजे माणसासारखं असतं. सवय लावली की लागते.

काल बुटात एकेक मोठा बटाटा सोलून घालून ठेवला. यूट्यूबवर दाखवतात. सकाळी बूट तसूभर सैल झाल्यासारखा वाटला. बटाटे टोपलीत परत टाकले. दुपारी जेवायला बटाट्याचीच भाजी. खाल्ली. चवीत काही फरक नव्हता.

मंगल विचारत होती, सोललेले बटाटे टोपलीत कुठनं आले? म्हणालो, मदत केली.

१५ मे, बुधवार

ओले मोजे घालून, वर बूट चढवून घरात फिरलो. हॉलमधून किचन, किचनमधून हॉल. मग रेल्वेच्या थर्ड गेटपर्यंत फिरून यायचं ठरवलं. गेट पडलं. रेल्वे गेली तरी मी तिथंच. शेजारच्या जयाबाई भाजी घेऊन येत होत्या, त्यांनी हात धरून आणलं. त्यांना सांगितलं, चक्कर आली. उन्हाने.

डाव्या टाचेला फोड. उजव्या करंगळीला पण. हे नॉर्मल आहे. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं ते काय असंच का, रोज हे असले बूट घालून केलं.

१९ मे, रविवार

आज सौम्याशी बोलणं झालं. बोलणं म्हणजे तीच बोलली.

परत तेच, आजोबांना सांगितलं का? मी बीपीचं सांगितलं. ती म्हणाली, बीपी आजोबांचं वाढत नाही, बाबा, तुमचं वाढतंय. म्हणाली, महिना झाला तुम्ही फक्त बुटाबद्दल बोलताय. त्याच्याबद्दल एक शब्द नाही. त्याला काय आवडतं, तो काय वाचतो, एकदा तरी विचारलं? मी म्हणालो, नंबर विचारला की. म्हणजे विचारला नाही, बघितला.

मग ती म्हणाली, त्या दिवशी आलात तर बाप म्हणून या, पाहुणा म्हणून नको. आत येऊन माझ्या शेजारी उभं राहणार असाल तर या. नाहीतर आई एकटी उभी राहील, आमची काही तक्रार नाही.

आवाज चढवला नाही. रडली पण नाही. लहानपणी पाटी फुटली तरी भोकाड पसरायची.

मी बुटाला पॉलिश करत होतो. डोळ्यात पॉलिश गेलं. बराच वेळ चुरचुरत होतं.

जाणार. अर्थात जाणार. माझ्या मुलीचं लग्न आहे. आत उभा राहणार, चारकोल ग्रेमध्ये.

आणि परातीचं मी बघून घेतलंय.

२२ मे, बुधवार

उद्याची तयारी पूर्ण. सूट इस्त्री. मोजे पँटच्या रंगाचे. बेल्ट काळा. फोडांवर पट्ट्या. लेस बांधायची खास गाठ शिकलो, लष्करातले लोक बांधतात तसली, दुहेरी, ओढली की आणखी घट्ट होते. अवघड गाठ आहे, पण सुटायचा प्रश्नच नाही.

आप्पांना सांगायचं राहिलं. लग्न झाल्यावर सांगू. झालेल्या गोष्टीने बीपी वाढत नाही.

२३ मे, गुरुवार. संध्याकाळी. घरी.

क्रमाने लिहितो. नाहीतर नंतर कुणीतरी भलतंच सांगेल.

सकाळी सूट-बूट करून निघालो. ऊन मरणाचं. गाडीचा एसी बंद. हत्तरगीच्या पुढं पायातलं रक्त बुटाशी भांडायला लागलं. निपाणीत हॉलसमोर उतरलो तेव्हा पायाच्या जागी काय आहे ते मलाच कळत नव्हतं.

हॉलच्या दारात चपला-बुटांचा ढीग. सगळे अनवाणी आत. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, पांढरी फुलं. अमरदीप पांढऱ्या झब्ब्यात. सूटच नाही! सौम्या पांढऱ्या साडीत. त्यांच्यात वंदनेआधी पायातलं बाहेर काढतात. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मंगल म्हणते, संकेश्वरपासून सांगत होते.

मंगल चपला काढून आत गेली. मी बूट काढायला खाली वाकलो.

वाकता येईना. खरंच. सूट शिवताना पोट आत घेतलं होतं, ते आता बाहेर आलं होतं. पायरीवर बसून लेस ओढली. गाठ आणखी घट्ट झाली. लष्कराची गाठ. टाच दुसऱ्या टाचेने रेटून बघितली, डोळ्यांपुढं काजवे. आठ नंबर, आत सुजून दहा झालेला पाय.

लोक बघायला लागले. मी मोबाइल कानाला लावला. महत्त्वाचा कॉल आहे असं दाखवलं. हां हां म्हणालो. बोर्ड मीटिंगमध्ये बोलू म्हणालो. आत वंदना सुरू झाली. सगळे उभे राहिले. मी बाहेर, बुटात, हां हां.

मग माइकवरून मायाप्पा सरांचा आवाज. वधूपिता नागेंद्रराव यांनी मंचावर यावं. मी मोबाइलकडं बोट दाखवलं. परत एकदा पुकारलं. सौम्याने दाराकडं बघितलं. तिला वाटलं, मी मुद्दाम बाहेर थांबलोय. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तिने मान फिरवली आणि आईचा हात धरला.

आयुष्यात मला इतकं आत जायचं कधी नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज, बूट काढ आन् आत ये की रं नागू. बघतो तर आप्पा! माझे वडील! पहिल्या रांगेत बसलेले, उठून आलेले, पायात काही नाही, डोक्याला फेटा. मंगलने त्यांना एप्रिलातच फोन केला होता. कालच एसटीने एकटे आले होते आणि सरांच्या घरी मुक्काम, तानुबाईशी रात्री तंबाखूच्या गप्पा. मी म्हणालो, आप्पा, तुमचं बीपी. म्हणाले, माझं बीपी तुझ्याच घरात लई बघत्यात. नातीचं लगीन आन् तू मला सांगत न्हाईस व्हय रं? सांगाय लाज वाटली काय माझी?

लाज त्यांची नव्हती. 

बूट निघंना आप्पा, एवढंच म्हणालो. 

आप्पांनी आत बघून हात केला. अमरदीप मंचावरून उतरून सरळ बाहेर आला. सगळा हॉल दाराकडं बघतोय. तो माझ्या समोर पायरीवर बसला, माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. पांढऱ्या झब्ब्यावर. मी म्हणालो, अहो, नको, कपडे. त्याने गाठ दाताने सोडवली. दाताने! आप्पांनी मला मागून काखेत धरलं, त्याने ओढलं. बूट निघाला, त्याबरोबर मोजा, मोज्याबरोबर फोडाचं कातडं. रक्त.

आतून तानुबाईने कुणाला तरी ओरडून कोमट पाणी आणायला लावलं. मोठ्या तसराळ्यात आलं. अमरदीपने दोन्ही पाय त्यात घेतले आणि धुतले. बोटांच्या मधून, टाचेपर्यंत, हळूहळू. खांद्यावरच्या उपरण्याने पुसले. मी परत परत नको म्हणत होतो. तो म्हणाला, बाबा, आधी आत चला, ती वाट बघतीय.

बाबा म्हणाला. मी त्याला अजून काहीच म्हणालो नव्हतो. 'अहो' सोडून.

आप्पांच्या खांद्याला धरून आत गेलो. सौम्याच्या शेजारी उभा राहिलो. तिने माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं.  आईचा हात सोडून माझा धरला.

जेवताना सरांना हळूच विचारलं, ते पाय धुवायचं कधी असतं? ते म्हणाले, कसलं पाय धुवायचं? आमच्यात कुणी कुणाचे पाय धूत नाही. मग माझ्या पायाकडं बघून म्हणाले, आज तेवढं झालं.

भात पानातच राहिला.

२४ मे, शुक्रवार

सकाळी मोबाइल उघडला. कुणीतरी काढलेला फोटो आप्पांनी भावकीच्या ग्रुपवर टाकायला लावलाय. खाली लिहिलंय, जावयानं सासऱ्याचं पाय धुतलं. अख्ख्या गावाने बघितलाय. ज्यांच्या ज्यांच्या नावावर मी टिक केली होती त्या प्रत्येकाने. सगळ्यांचे हात जोडलेले. एकाने लिहिलंय, नशीब लागतंय. दुसऱ्याने, असला जावई आमच्यातबी मिळंना. त्यावर आप्पांचा अंगठा.

ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं की हे मीच ठरवून केलं. जुन्या रूढी उलट्या करायच्या तर कुणीतरी पाय पुढं करायला पाहिजे. मॅनेजर साहेब बरं म्हणाले. भावकूने फोटो मोठा करून बघितला. म्हणाला, साहेब, तो तुमचा ऑक्सफर्ड का काय तो कुठं आहे यात? नाही. फोटोत बूट कुठंच नाही.

निपाणीतच राहिला तो. परत येताना पायात काही चढेना, तेव्हा अमरदीपने दारातले स्वतःचे काढून दिले. चारकोल ग्रे सुटावर तेच घालून घरी आलो. सूज उतरेपर्यंत दुसरं काही चढणार नाही, म्हणून ऑफिसलाही तेच.

टॅन लोफर. मोज्याशिवाय.

नऊ नंबर. बरोबर बसतात.